उलाळ

गेलो होतो जुना कूलर विकायला, आणि घर बघून आलो.

रायपुरात होळी जवळ आली की घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. कुणाची वाळ्याची जाळी बदलायची असते, कुणाचा पंप जळलेला असतो. आमच्या कूलरच्या पत्र्याला इतकी भोकं पडली होती की दुरुस्तीवाल्याने लांबूनच हात जोडले. शेवटी कूलर छोट्या हाथीत, आणि आम्ही दोघं मागून आमच्या गाडीत, अशी वरात भनपुरीच्या एका कबाड्याकडे निघाली. ही बरोबर होती, कारण मला भाव करता येत नाही असं तिचं लग्नापासूनचं मत आहे. मी पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या मालमत्तेची किंमत ठरवली, पण तो पुरावा ती ग्राह्य धरत नाही.

भनपुरी, उरला, सिलतरा हा आमच्या शहराचा लोखंडी पट्टा. इथे रोलिंग मिला आहेत, भट्ट्या आहेत आणि त्यांना खायला घालणारी भंगाराची आवारं आहेत. जुनी सायकल, मोडकं कपाट, बुडालेल्या कारखान्याचं छप्पर, सगळं इथे येतं, वितळतं आणि सळई होऊन कुणाच्या तरी नव्या घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतं. लोखंडाला या गावात मरण नाही, पुनर्जन्म आहे. कूलरचा पुनर्जन्म चारशे सत्तर रुपयांत ठरला. ही पाचशेवर अडून बसली, आणि तेवढ्या वेळात माझी नजर आवाराच्या कोपऱ्यात गेली.

तिथे एक घर उभं होतं. घराला दोन चाकं होती.

एके काळी पांढरं असावं. आता त्याला जुन्या बनियनचा रंग आला होता. एक दार, दाराला मच्छरदाणीची जाळी, दोन्ही बाजूंना सरकत्या काचेच्या खिडक्या. आत दोन बाकं, मध्ये भिंतीला टांगलेलं घडीचं टेबल, कोपऱ्यात ताटलीएवढं सिंक आणि त्यावर एक नळ. तो कुठल्याच पाण्याला जोडलेला नव्हता, पण उघडमीट मात्र सुरेख होत होता. पुढच्या बाजूला लांब लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला गाडीला अडकवायचा कान.

“सर्वेवालों का है, साहब,” कबाडी म्हणाला. “जंगल में खदान ढूँढ़ते थे. इसी में सोते थे.”

“किती?”

“चालू में एक लाख साठ. भंगार में, तौल के.”

बँकेत आम्ही हेच ‘चालू उद्योगाचं मूल्य’ आणि ‘विक्रीयोग्य मूल्य’ अशा जड शब्दांत लिहीत असू. त्याने ते दोन वाक्यांत उरकलं.

“अहो, काय पाहून राहिले एवढं?” मागून आवाज आला. ही नागपूरची. रायपुरात येऊन चार दशकं झाली तरी तिच्या क्रियापदांनी अजून वाघनदी ओलांडलेली नाही.

मी म्हटलं, “आत ये, बघ तर.”

इथे थोडं मागे जायला हवं. मुलगा ॲडलेडला असतो. निवृत्तीनंतर त्याच्याकडे तीन महिने राहून आलो, त्या तीन महिन्यांत मला कांगारूपेक्षा जास्त आवडलेला प्राणी म्हणजे तिथले म्हातारे. पासष्टी-सत्तरीची जोडपी गाडीच्या मागे चाकांवरचं घर जोडतात आणि निघतात. त्या देशाला वळसा घालणारा एक हमरस्ता आहे, सुमारे १४,५०० किलोमीटरचा. तो ते सावकाश, महिनोन्‌महिने फिरत राहतात. त्यांना तिथे ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात. करड्या केसांचे भटके. संध्याकाळ झाली की घर थांबवायचं, दोन खुर्च्या बाहेर काढायच्या आणि मावळतीकडे तोंड करून बसायचं. मी ते बघितलं आणि माझ्या मनात एक खुर्ची कायमची उघडी राहिली.

नंतर वाचलं की हा नाद जुना आहे. हौसेखातर चाकांवरचं घर घेऊन हिंडणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांचं नाव घेतात. ते ब्रिटिश आरमारातले निवृत्त डॉक्टर. पुढे मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका वाघिणी बनवणाऱ्या कारखान्यातून ‘द वाँडरर’ नावाचं घर करवून घेतलं, त्याला दोन घोडे जोडले आणि दक्षिण इंग्लंडहून निघून थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत गेले. घराचं वजन दोन टनांच्या आसपास. बरोबर एक कुत्रा, एक काकाकुवा, एक गाडीवान आणि एक नोकर. तो नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरच्यांना सांगायचा की मागून घर येतंय.

हे मी हिला मोठ्या रंगात येऊन सांगितलं होतं. तिने फक्त विचारलं, “स्वयंपाक कोण करत होतं?”

“नोकर.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि विषय संपला होता.

तर आता ती आत आली. सगळीकडे नजर फिरवली. सिंकमध्ये बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. खिडकीपाशी जाऊन काचेवर हात ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणून काहीतरी चाचपलं. मी कबाड्याशी बोलत होतो, तिकडे लक्ष दिलं नाही. मग ती मागच्या बाकावर जाऊन टेकली. बाकाची गादी बरी दिसली म्हणून मीही तिच्या शेजारी बसलो.

आणि घराने मान वर केली.

हळूहळू, एखादा हत्ती सोंड उचलतो तसा पुढचा दांडा हवेत गेला. त्याच्याखाली टेकवलेल्या विटा मोकळ्या झाल्या, घडीचं टेबल आपसूक उघडलं, आणि आम्ही दोघं पाठीमागच्या पत्र्यावर जाऊन चिकटलो. ही ओरडली, “अगं बाई, उलाळ झाली!”

कबाडी आणि त्याची दोन पोरं दांड्याला लोंबकळली तेव्हा घर पुन्हा जमिनीला समांतर झालं. आम्ही खाली उतरलो. मला घराचं सोडून भलताच आनंद झाला होता. उलाळ! पन्नास वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता.

ज्यांचं आजोळ बैलगाडीच्या काळातलं आहे त्यांना तो सांगावा लागणार नाही. गाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ती गाडी उलाळ. ओझं फार पुढे आलं की बैलांच्या मानेवर बसतं, बैल चालेनासे होतात. शहाणा गाडीवान पोती अशी लावतो की मानेवर थोडं वजन राहावं. थोडंच, पण राहावं. हिच्या माहेरी भंडाऱ्याकडे शेती होती. धान भरताना तिचे आजोबा गाडीभोवती फिरून फक्त एवढंच बघायचे, असं ती घरी येताना सांगत होती. कूलरचे पाचशे वसूल झाल्यामुळे ती खुशीत होती.

मी रात्री मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही खरंच घेताय?” मग पाच मिनिटं थांबला आणि बापाला शोभेल अशा आवाजात समजावू लागला. मुलं परदेशात गेली की काही वर्षांनी हा आवाज त्यांना येतो. तो म्हणाला, ओढायच्या घराच्या एकूण वजनापैकी साधारण पाच ते सात टक्के वजन पुढच्या कानावर, म्हणजे गाडीच्या कड्यावर पडायला हवं. ते कमी पडलं की वेग घेतल्यावर घर मागे डुलायला लागतं आणि शेवटी आपल्या गाडीलाही डुलवतं. असं झालं तर घाबरून ब्रेक मारायचा नाही, फक्त पाय हलकेच उचलायचा. आणि ते पुढचं वजन मोजायला साधा न्हाणीघरातला काटा चालतो. दांड्याखाली ठेवायचा.

“अरे, म्हणजे उलाळ,” मी म्हटलं.

“काय?”

त्याला शब्द ठाऊक नव्हता. त्याच्याकडे आकडा होता, माझ्याकडे शब्द.

मग माझ्यातला कर्ज-अधिकारी जागा झाला. मालमत्ता बघितली की छाननी करायची, ही सवय निवृत्तीबरोबर जात नाही. एक वही घेतली. पहिल्या पानावर कागदपत्रं. आपल्याकडच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याने मोटार वाहनाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात ट्रेलरही येतो. म्हणजे ज्याला मोटार नाही तेही कायद्याने मोटार वाहनच. मला हे वाचून फार बरं वाटलं. स्वतःचं इंजिन नसताना दुसऱ्याच्या जोरावर चालणाऱ्यांनाही या देशात पूर्ण दर्जा आहे. पण दर्जा आला की नोंदणी आली, नंबर आला, विमा आला. मी कबाड्याला फोन करून विचारलं, “कागद?”

“कागद बन जाएगा, साहब.”

‘बन जाएगा’ या दोन शब्दांवर मी नोकरीत किती प्रस्ताव परत पाठवले असतील! पहिल्या पानावर लाल शेरा पडला.

दुसऱ्या पानावर वजन. आमची गाडी जुनी, डिझेलची, सात जणांची. अंगाने १,६५० किलो. ब्रिटनमधले जाणते लोक नवशिक्याला सांगतात की मागच्या घराचं सामानासकट वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. म्हणजे १,४०२ किलो. कबाड्याने मोठ्या मनाने घर ट्रॅक्टरला लावून शेजारच्या धरमकाँट्यावर नेलं. इकडे ट्रक तोलायच्या काट्याला धरमकाँटा म्हणतात, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की खरोखरच आपला न्याय होतोय असं वाटतं. चिठ्ठी आली. रिकामं घर १,३८० किलो.

उरले बावीस.

“बावीस किलोंत संसार बसवायचा आहे,” मी जाहीर केलं.

“विमानातसुद्धा तेवीस नेऊ देतात,” ही म्हणाली.

तरी तिने यादी केली. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं. मिसळणाचा डबा. भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं. सांडगे थोडेसेच. तिची गुडघ्याची पट्टी आणि शेकायची पिशवी. माझी औषधं. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, कारण त्यांना घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आम्ही एकेक वस्तू खरोखरच काट्यावर ठेवली. पाणी, अंथरूण, गॅस धरायच्या आधीच एकतीस किलो झाले. तिने यादीवर नजर टाकली आणि पेन्सिलीने काय वगळता येईल ते बघू लागली. पेन्सिल सांडग्यांवरून गेली, कुकरवरून गेली, आणि थोडा वेळ माझ्यावर येऊन थांबली.

वजनाच्या या हिशेबात मला आमच्या गावातल्या एका मोठ्या माणसाची आठवण झाली. माधवराव सप्रे. दमोहकडे १८७१ साली मराठी घरात जन्मले, शिकले आणि पुढे स्थिरावले ते रायपुरात. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं. मला नेहमी वाटतं, जड मराठी ग्रंथ हिंदीच्या गाडीला जोडून न उलाळता पोचवणारा एवढा पक्का गाडीवान दुसरा झाला नाही. त्यांची १९०१ सालची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये मोजतात. एक जमीनदार म्हाताऱ्या विधवेची झोपडी कोर्टकचेरी करून बळकावतो. ती येऊन एवढंच मागते की चूल घालायला झोपडीतली टोपलीभर माती नेऊ द्या, आणि टोपली डोक्यावर घ्यायला जरा हात लावा. जमीनदाराला ती टोपली उचलत नाही. म्हातारी म्हणते ते तात्पर्य असं, की एका टोपलीचा भार झेपेना, इथे तर हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा सोसणार? जमीनदार वरमतो आणि झोपडी परत देतो.

त्या टोपलीत किती माती असेल? बावीस किलो धरायला हरकत नाही.

घराचं वजन धरमकाँट्यावर येत नाही, असं सप्रे सांगून गेले. मी मात्र चिठ्ठी खिशात घेऊन हिंडत होतो.

तिसरं पान जागेचं. आम्ही राहतो तात्यापाऱ्यात. या भागाच्या नावातच तात्या आहे. नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगडावर होतं, बिंबाजी भोसले १७५८पासून रतनपूरहून इथला कारभार बघत. त्या काळात, आणि नंतर इंग्रजी कचेऱ्यांच्या, रेल्वेच्या निमित्ताने, मराठी घरं टप्प्याटप्प्याने इकडे येत राहिली. आमचे पणजोबा कारकून म्हणून आले. तेव्हा ते परराज्यात आले नव्हते. नागपूर आणि रायपूर एकाच मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. मग १ नोव्हेंबर १९५६ला राजधानी भोपाळला गेली. १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड झालं आणि राजधानी चक्क आमच्या दारात आली. आम्हाला वाटलं, आता टेकली. तर २०१२ साली मंत्रालय नव्या रायपूरला हललं. म्हणजे आमचं घर एका गल्लीत शंभर वर्षं उभं आहे आणि राजधानीच चाकांवर आहे. जागचे न हलता एवढा प्रवास झालेल्या माणसाने वेगळी गाडी कशाला घ्यावी, असा एक युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. पण त्या युक्तिवादात खुर्ची नव्हती, मावळतीही नव्हती.

शिवाय आमची गल्ली नऊ फूट रुंद. घर साडेसहा फूट. उरलेल्या अडीच फुटांत एक ई-रिक्षा, दोन गाई आणि समोरच्या काकूंची तुळस. घर गल्लीत आलं तर बाहेर काढायला उलटं न्यावं लागणार, आणि मागे जोडलेलं वाहन उलटं नेताना चाक डावीकडे फिरवलं की ते उजवीकडे जातं. आपण सांगावं एक आणि व्हावं नेमकं उलटं, याचा मला घरात पुरेसा सराव आहे, तरी हिंमत होईना.

हे शिकवणार कोण? ॲडलेडला त्याचे वर्ग असतात म्हणे. इथे मला गुरू भेटला तो आमच्या तांदळाच्या पोत्याबरोबर. धमतरीकडचा एक पोरगा दर वर्षी आम्हाला दुबराज तांदूळ आणून देतो. वय असेल बाविशीचं. नोव्हेंबरपासून धानखरेदी सुरू झाली की तो रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉली हाकतो. चाळीस किलोंचा एक कट्टा, असे कट्ट्यांवर कट्टे रचलेली ट्रॉली खरेदी केंद्राच्या फाटकातून एका हाताने उलटी आत घालतो, दुसऱ्या हातात फोन. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. तो कटोरा हलवतात ती ही पोरं. त्याला मी माझा बेत सांगितला, मुलाने सांगितलेले आकडे सांगितले. पाच टक्के, सात टक्के.

तो हसला. “कका, वजन ला आगू डहर राखबे. पाछू म झन लादबे, नइ त उलार हो जाही.”

उलार!

मी स्वयंपाकघराकडे बघून जोरात हाक मारली. हिने ऐकलं होतंच. ती पिठाच्या हातांनी दारात आली आणि त्या पोराला म्हणाली, “हमारे यहाँ उलाळ कहते हैं.” त्याने दोनदा तो ‘ळ’ म्हणून पाहिला, जमला नाही. तिने ‘उलार’ म्हणून पाहिलं, तिला जमलं. भंडाऱ्याच्या बांधापासून धमतरीच्या बांधापर्यंत मध्ये राज्यं बदलली, राजधान्या बदलल्या, एका अक्षराने जीभ फिरवली, पण गाडी कुठे जड होते हे दोन्हीकडच्या बैलांना एकाच शब्दात कळत होतं.

पोरगा जाताना विचारून गेला की घेऊन जाणार कुठे. हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता! मी नकाशा पसरला. पहिला बेत बस्तरचा. धमतरी, गंगरेलच्या धरणाकाठी मुक्काम, कांकेर, मग केशकालचा घाट. त्या घाटात बारा वळणं आहेत, वाटेत तेलीनमातेचं देऊळ. तिथे भलेभले ट्रकवाले हात जोडून पुढे जातात. बारा वळणं, मागे १,३८० किलो आणि समोरून लोहखनिजाचे ट्रक, हे चित्र मी दोन मिनिटं डोळ्यांसमोर धरलं आणि नकाशा उलटा फिरवला.

दुसरा बेत सोपा. सरळ रस्ता, राजनांदगाव, वाघनदी, साकोली, भंडारा, नागपूर. घाट नाही, वळण नाही. शेवटी धरमपेठेत मावशींचं घर.

“आणि तिथं उतरायचं कुठं?” हिने विचारलं.

“उतरायचं कशाला? घर आहे ना बरोबर. मावशींच्या फाटकाबाहेर लावायचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मावशीच्या दारात, आपलं घर लावून, त्यात झोपायचं?”

तेव्हा मला उमगलं की आपल्याकडे ही चाकांवरची घरं का रुजली नाहीत. दोष रस्त्यांचा म्हणतात, नियमांचा म्हणतात. महाराष्ट्राने २०२१ साली त्यासाठी खास धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. धोरण ठीक आहे, पण मावशीचं काय करायचं? ती दारात उभी राहून म्हणणार, “घर घेऊन आलात? आमचं पडलं होतं का?” जिथे मावशी नाही तिथे आत्याचे व्याही आहेत, बँकेतले जुने सहकारी आहेत, तेही नसले तर एखादं महाराष्ट्र मंडळ आहे. ऑस्ट्रेलियातला म्हातारा स्वतःचं घर ओढतो, कारण चौदा हजार किलोमीटरांत त्याला कुणी ‘आधी जेवा, मग बोला’ म्हणणारं नाही. आपल्याकडे घर बरोबर नेणं म्हणजे वाटेतल्या सगळ्या घरांचा अपमान. आणि खरोखर ज्यांचा जन्म वाटेवर गेला त्या बंजाऱ्यांनी तरी कुठे घर ओढलं? त्यांचे तांडे या मुलखातून मीठ आणि धान्य वाहायचे ते बैलांच्या पाठीवर, गोणीची दोन तोंडं दोन बाजूंना सारखी करून. भनपुरीच्या पुढे रावाभाठ्याला बंजारीमातेचं देऊळ आहे. कूलर विकायला जाताना आम्ही त्याच बाजूला गेलो होतो, आणि मी नमस्कार करायचा विसरलो होतो.

शेवटचा प्रश्न हिचाच. “रस्त्यानं मी आत बसून चहा करेन. पडून राहीन. गुडघ्याला बरं.”

“नाही गं. चालत्या घरात बसायचं नसतं. माणसं गाडीत, घर मागे.”

“म्हणजे घर मागे आणि आपण पुढे?”

“हो.”

“मग त्यात नवीन काय आहे?” ती म्हणाली, आणि पीठ मळायला गेली.

मी वही मिटली. नामंजूर असं कुठे लिहिलं नाही. बँकेतसुद्धा काही प्रस्तावांवर मी शेरा मारत नसे, नुसते खणात ठेवत असे. कबाड्याचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा त्याने एक लाख दहा सांगितले. मग फोन थांबले. लोखंडाचा भाव वर गेल्याचं वाचलं की पोटात कालवायचं. वाटायचं, एव्हाना सळई झाली असेल.

सळई झाली नव्हती. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी नव्या रायपूरच्या रस्त्याने परतत होतो. ही एकदम म्हणाली, “थांबवा.” रस्त्याच्या कडेला ते उभं होतं. नारिंगी रंग, दिव्यांची माळ, खिडकीतून वाफ. चीला, फरा, टमाटर चटणी. चाकं काढलेली नव्हती, पण पुढेमागे विटांच्या चळती लावल्या होत्या. सिंकचा नळ मी लांबून ओळखला. आता त्याला पाणी येत होतं.

आत चार जणांची बसायची सोय केली होती. मागचं बाक तेच, फक्त त्यावर रेक्झिन नवं. मी सवयीने तिकडे वळलो, तशी चीला उलटणारी बाई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “कका, पाछू म एके झन बइठव.” मागे एकच जण बसा. विटांवर तिचा पुरता विश्वास नसावा.

मी मागे बसलो. समोर बघितलं तर ही आधीच दांड्याच्या बाजूला, अगदी पुढच्या टोकाला जाऊन बसली होती. घर हललं नाही.

चीला आला. मावळतीचा उजेड खिडकीतून थेट ताटलीत पडत होता. हिने डोळ्यांवर हात धरला.

“पडदा हवा होता इथे,” मी म्हटलं.

“सव्वाचार वीत आहे ती खिडकी,” ती चीला मोडत म्हणाली. “दोन्ही बाजूंना मिळून अडीच मीटर कापड लागलं असतं. फिकट पिवळं पाहून ठेवलं होतं मी.”